मुलांचा सांभाळ आणि कौन्सिलची देखरेख

१९४५ सालच्या जानेवारी महिन्याच्या ९ तारखेस इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यांतील एका शेतवाडीवर डेनिस ओनील नांवाचा बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. अर्धपोटीं राहून तो खंगला होता, आणि त्याच्या अंगावर माराचे वळ होते. ज्या जोडप्याच्या घरीं तो मेला तें त्याच्या नात्यागोत्याचें नव्हतें. वेल्समधील न्यूपोर्ट शहराच्या कौन्सिलकडे न्यायालयाच्या हुकुमानें त्या मुलाचा ताबा आलेला होता, व कौन्सिलनें खर्च देऊन त्याला व त्याच्या धाकट्या भावाला १९४४ च्या उन्हाळ्यांत त्या वाडीवर सांभाळण्यासाठीं ठेविलें होतें. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ह्या मुलाची जबाबदारी एका लोकनियुक्त संस्थेवर होती. त्या संस्थेजवळ शिक्षणसमिति होती, कारकून होते, दप्तर होतें आणि मुलाच्या नांवाचे कागदहि होते. थोड्याथोड्या दिवसांनीं वाडीवर जाऊन मुलाला डोळ्यांनीं पाहणारें माणूस मात्र नव्हतें.

वाडीच्या मालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सरकारनें सर वॉल्टर मंक्टन ह्यांना चौकशीसाठीं नेमिलें. हैदराबादच्या निजामाचे सल्लागार म्हणून मराठवाड्यांतील जुन्या मंडळींना ज्यांचें नांव ठाऊक होतें, तेच हे मंक्टन. त्यांच्या चौकशींत असें दिसून आलें कीं, मुलावर देखरेख कोणीं करावयाची ह्याविषयीं न्यूपोर्ट व श्रॉपशर ह्या दोन संस्थांमध्यें नीट उलगडा झालेलाच नव्हता. एकीला वाटे, दुसरी पाहत असेल. अखेर डिसेंबर १९४४ मध्यें न्यूपोर्टची एक कर्मचारी बाई तेथें गेली, आणि मुलांना तेथून हलवावें असें तिचें मत पडलें. तिचें मत कागदावर उतरलें. मुलें हललीं नाहींत. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपण थट्टेनें वापरतों, पण त्या वाडीवर ती अक्षरशः खरी ठरली.

ह्या प्रकरणाची छाया पुढें एका सुप्रसिद्ध नाटकावर पडली. १९४७ सालीं राणी मेरी ह्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बी. बी. सी. नें अगाथा ख्रिस्तीबाईंकडून एक श्रुतिका लिहवून घेतली. त्या श्रुतिकेचें मूळ ह्याच घटनेंत आहे, आणि तिचाच पुढें विस्तार होऊन १९५२ पासून लंडनच्या रंगभूमीवर चालत आलेलें 'द माउसट्रॅप' हें नाटक झालें. रहस्याच्या भरांत प्रेक्षकांना त्या मुलाची आठवण क्वचितच होत असेल.

आतां हीं कौन्सिलें म्हणजे काय, हें थोडें सांगावयास हवें. मुलांच्या सेवा चालविणारीं अशीं १५३ कौन्सिलें आज इंग्लंडांत आहेत. कोठें तीं परगण्याचीं, कोठें शहराचीं, तर लंडनमध्यें एकेका विभागाचीं आहेत. महाराष्ट्रांत प्राथमिक शाळा जिल्हा परिषदा व नगरसंस्था चालवितात. परंतु निराधार किंवा छळ झालेल्या मुलाविषयीं निर्णय देण्याचें काम २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें बालकल्याण समितीकडे असतें, व ती समिति राज्य सरकार नेमतें. इंग्लंडांत शिक्षणाची व्यवस्था, मुलांचें संरक्षण आणि अडचणींत आलेल्या कुटुंबांना साहाय्य हीं तिन्हीं कामें एकाच निवडून आलेल्या कौन्सिलच्या पदरांत आहेत. मुलाला आईबापांपासून कायमचें दूर करावयाचें तर न्यायालयाचा हुकूम लागतो. पण तो मागावयाचा कीं नाहीं हें कौन्सिलच ठरवितें, आणि हुकूम झाल्यावर मूल तिच्याच हवालीं होतें. कौन्सिलचे सभासद मात्र तुमच्याआमच्यासारखे सामान्य नागरिक असतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी निवृत्त नोकर. बालकल्याणाचें शास्त्र शिकलेला मनुष्य त्यांत असेलच असा नेम नाहीं. तेव्हां प्रश्न असा उभा राहतो कीं, अशा सामान्य माणसांनीं तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या कामावर देखरेख ठेवावी ती कशी?

हें कामहि एकदम एका ठिकाणीं आलेलें नाहीं. निराश्रित मुलांचा भार १८३४ च्या गरिबांच्या कायद्यापासून गार्डियन मंडळांवर होता. तीं मंडळें १९३० मध्यें मोडलीं व त्यांचें काम कौन्सिलांकडे आलें. शाळा त्याच्या आधींच, १९०२ च्या कायद्यानें, कौन्सिलांच्या स्वाधीन झाल्या होत्या. पण एकाच कौन्सिलांतहि एक मूल शिक्षणसमितीचें, दुसरें निर्वाहसमितीचें, तिसरें आरोग्यखात्याचें, अशी वांटणी असे. डेनिस ज्या उन्हाळ्यांत वाडीवर गेला त्याच उन्हाळ्यांत, १५ जुलै १९४४ रोजीं, लेडी ॲलन ह्या बाईंनीं लंडनच्या 'टाइम्स' पत्राला एक पत्र लिहून अनाथगृहांतील मुलांच्या स्थितीकडे लोकांचें लक्ष वेधलें होतें. ह्या बाई व्यवसायानें उद्यानरचनाकार. अनाथगृहांशीं त्यांचा धंद्याचा कांहीं संबंध नव्हता. त्यांनीं जाऊन पाहिलें, एवढेंच. त्या पत्रानें आणि पाठोपाठच्या ह्या मृत्यूनें लोकमत इतकें ढवळलें कीं, सरकारला मायरा कर्टिस ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी लागली. घरच्या जीवनाला मुकलेल्या सुमारें सव्वा लाख मुलांचा विचार ह्या समितीनें केला, आणि तिचे सभासद ठिकठिकाणच्या गृहांत स्वतः हिंडले. १९४६ च्या तिच्या अहवालांत उघड क्रौर्यापेक्षां जिव्हाळ्याच्या अभावाची तक्रारच अधिक आहे. मुलांना अन्नवस्त्र मिळत होतें. त्यांना नांवानें हांक मारून विचारपूस करणारें कोणी नव्हतें.

त्यावरून १९४८ चा बालकायदा झाला. प्रत्येक कौन्सिलनें एक बालसमिति स्थापावी व एक बालाधिकारी नेमावा, असें त्या कायद्यानें ठरविलें. बालाधिकाऱ्याच्या नेमणुकीला गृहमंत्र्यांची संमति आवश्यक होती. एक समिति, एक अधिकारी, आणि जबाबदारी कोणाची ह्याविषयीं संशय नाहीं, अशी ती योजना होती. १९६३ च्या कायद्यानें तिला आणखी एक मोलाची जोड दिली: मूल घरांतून काढण्याची पाळीच येऊं नये म्हणून कुटुंबाला मदत करण्याचा, विशेष प्रसंगीं रोख पैसेहि देण्याचा, अधिकार कौन्सिलांना मिळाला. पुढें १९७० च्या कायद्यानें बालसमित्या गेल्या व वृद्ध, अपंग आणि मुलें ह्या सर्वांचें मिळून एक समाजसेवा खातें झालें. १९८९ च्या बालकायद्यानें मुलाचें हित हेंच न्यायालयाच्या निर्णयांत सर्वश्रेष्ठ ठरविलें, आणि गरजू मुलांना शक्य तोंवर स्वतःच्या कुटुंबांतच वाढतां यावें म्हणून मदत देण्याचें कर्तव्य कौन्सिलवर घातलें.

देखरेखीची आजची पद्धत २००० सालच्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यांतून आली. पूर्वी समित्याच निर्णय घेत. आतां बहुतेक कौन्सिलांत थोड्या सभासदांचें कार्यकारी मंडळ निर्णय घेतें, आणि बाकीच्या सभासदांतून निवडलेली तपासणी समिति त्या निर्णयांची छाननी करते. ही समिति अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारूं शकते, कागद मागवूं शकते, अमलांत न आलेला निर्णय फेरविचारासाठीं परत पाठवूं शकते, आणि तिच्या शिफारशींना कार्यकारी मंडळानें दोन महिन्यांच्या आंत उत्तर दिलें पाहिजे. शिक्षणाचा विषय हाताळणाऱ्या समितींत ख्रिस्ती धर्मपीठांचे प्रतिनिधि आणि शाळांच्या व्यवस्थापकमंडळांवर पालकांनीं निवडून दिलेले प्रतिनिधि बसतात. शिक्षणाच्या प्रश्नावर त्यांना मतहि असतें. मात्र स्वतः हुकूम सोडण्याचा अधिकार ह्या समितीला नाहीं. तिचें सामर्थ्य प्रश्न विचारण्यांत आहे, आणि तिचें दुबळेपणहि तेथेंच आहे. कारण प्रश्न विचारावयाचा तर आधीं कांहीं ठाऊक असावें लागतें, आणि तिला ठाऊक होतें तें बहुधा अधिकाऱ्यांनीं लिहून दिलेल्या अहवालावरूनच.

हा कायदा झाला त्याच वर्षीं, २५ फेब्रुवारी २००० रोजीं, व्हिक्टोरिया क्लिंबिये ही आठ वर्षांची मुलगी लंडनमध्यें मरण पावली. शिक्षण चांगलें मिळेल ह्या आशेनें आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट देशांतल्या आईबापांनीं तिला नात्यांतील एका बाईच्या हवालीं केलें होतें. इंग्लंडांत आल्यावर तिचें नांव कोणत्याहि शाळेंत घातलें गेलें नाहीं. चार कौन्सिलांचीं समाजसेवा खातीं, दोन रुग्णालयें आणि पोलिसांच्या दोन बालसंरक्षण शाखा ह्यांच्याशीं तिचा संबंध आला, आणि तिला वांचविण्याच्या बारा संधि हुकल्या, असें लॉर्ड लॅमिंग ह्यांच्या २००३ च्या अहवालानें दाखवून दिलें. त्यांनीं १०८ शिफारशी केल्या. १९४५ मध्यें दोन संस्थांत जें घडलें तेंच आतां आठांमध्यें घडलें होतें. त्यावर २००४ च्या बालकायद्यानें पुन्हां जबाबदारी एकत्र केली: प्रत्येक कौन्सिलांत शिक्षण व बालसंरक्षण ह्या दोन्हींचा एक संचालक, आणि त्याच्यावर सभासदांपैकीं एक प्रमुख सभासद. बैल गेला नि झोपा केला, असें कोणी म्हणेल. पण प्रत्येक वेळीं झोपा थोडा अधिक मजबूत होत गेला, हेंहि तितकेंच खरें.

परंतु कागद तसेच राहिले. व्हिक्टोरिया ज्या हॅरिंगे विभागांत राहत होती, त्याच विभागांत ऑगस्ट २००७ मध्यें पीटर नांवाचा सतरा महिन्यांचा बालक मारहाणीनें मेला. तो दुर्लक्षित नव्हता. त्याचें नांव संरक्षणाच्या यादींत होतें, आणि आठ महिन्यांत साठांच्या सुमारास वेळां निरनिराळ्या कर्मचाऱ्यांनीं त्याला पाहिलें होतें. मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं समाजसेविका घरीं गेली, तेव्हां जखमा दिसूं नयेत म्हणून त्याच्या तोंडाला चॉकोलेट फांसलेलें होतें. भेट झाली, तारीख पडली, पण तोंड पुसून पाहिलें गेलें नाहीं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑफस्टेड ह्या सरकारी तपासणी संस्थेनें त्या कौन्सिलच्या बालसेवेला 'चांगली' अशी श्रेणी दिली. कारण तो निर्णय बऱ्याच अंशीं कौन्सिलनेंच पुरविलेल्या माहितीवर आधारलेला होता. वर्षभरानें प्रत्यक्ष पाहणी झाली तेव्हां तीच सेवा अपुरी ठरली. मग मंत्र्यांनीं घाईनें संचालकबाईंना दूर करविलें, आणि २०११ मध्यें अपील न्यायालयानें ती बडतर्फी बेकायदा ठरविली. एका अधिकाऱ्याचा बळी दिल्यानें लोकांचा राग शमतो. ज्या सभासदांनीं तो 'चांगला' अहवाल बिनतक्रार स्वीकारला त्यांना मात्र कोणीं फारसें विचारलें नाहीं.

हा प्रश्न उघडपणें विचारला गेला तो रॉदरहॅम शहराच्या बाबतींत. प्राध्यापिका ॲलेक्सिस जे ह्यांनीं ऑगस्ट २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९९७ ते २०१३ ह्या काळांत त्या एका शहरांत, कमींत कमी धरलें तरी, सुमारें १४०० मुलांचें लैंगिक शोषण झालें. त्यांतील पुष्कळ मुली कौन्सिलच्या खात्याला माहीत होत्या. कित्येक तिच्याच गृहांत राहणाऱ्या होत्या. २००२, २००३ आणि २००६ सालीं तीन अहवालांनीं ह्या गोष्टीची सूचना दिलेली होती. पहिला दाबून टाकण्यांत आला, पुढचे दोन बाजूला ठेवण्यांत आले. २००४-०५ मध्यें सभासदांपुढें व वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढें सर्व प्रकार इतक्या स्पष्ट शब्दांत मांडला गेला होता कीं, त्यानंतर 'आम्हांला ठाऊक नव्हतें' असें म्हणण्यास कोणालाच जागा राहिली नाहीं, असा जेबाईंचा अभिप्राय आहे.

त्यानंतर लुईस केसी ह्यांना कौन्सिलची तपासणी करण्यास पाठविण्यांत आलें. त्यांचा फेब्रुवारी २०१५ चा अहवाल देखरेखीचा विचार करणारानें मुद्दाम वाचावा असा आहे. तपासणी समितीच्या बैठकी नियमानें भरत होत्या. तिच्यापुढें अहवाल नियमानें येत होते. कार्यक्रमपत्रिका होती, इतिवृत्तें होतीं. पण अधिकाऱ्यांना अडवून प्रश्न विचारलेला त्या इतिवृत्तांत जवळजवळ आढळत नाहीं. अधिकारी सांगतील ती दिशा, असाच क्रम होता. रचना वरवर पाहतां ठीक होती, पण आक्षेप घेण्याची संवयच तेथें दडपली गेली होती. एकाच पक्षाचें दीर्घकाळचें बहुमत, अवघड विषयाला हात घालण्याची भीति, आरोपी बहुतेक पाकिस्तानी वंशाचे असल्यामुळें आपल्यावर वर्णद्वेषाचा ठपका येईल ही धास्ती, आणि त्या मुलींविषयींचा तुच्छभाव, हीं सारीं कारणें एकत्र आलीं. त्यांतलें शेवटचें कारण सर्वांत वाईट म्हटलें पाहिजे. 'ह्या मुली वाह्यातच आहेत' असें एकदां मनांत बसलें म्हणजे अहवालांतील आंकडा माणसाला टोंचत नाहीं. अहवालानंतर संपूर्ण कार्यकारी मंडळाला पायउतार व्हावें लागलें, आणि सरकारनें पांच आयुक्त नेमून कौन्सिलचा कारभार कांहीं वर्षांसाठीं त्यांच्या हातीं दिला.

चांगली देखरेख कशी असते, हें ह्यावरून उलट बाजूनें समजतें. समितीपुढें आंकडा येतो कीं, इतके टक्के मुलांच्या भेटी मुदतींत झाल्या. हा आंकडा खोटा नसतो. पण भेटींत मुलाशीं एकट्याशीं बोलणें झालें काय? गेल्या वर्षभरांत त्या मुलाचे समाजसेवक किती वेळां बदलले? एकेका सेवकाकडे किती मुलें आहेत? किती मुलांना परगण्याबाहेर, त्यांच्या शाळेपासून व भावंडांपासून दूर ठेवावें लागलें? तक्रारी किती आल्या ह्यापेक्षां कोणत्या गृहांतून एकहि तक्रार कधींच आली नाहीं, हें विचारणारा सभासद अधिक शहाणा. जेथें मुलें कधींच कुरकुरत नाहींत, त्या घरीं आधीं जावें.

१९९८ सालीं आरोग्यमंत्री फ्रँक डॉब्सन ह्यांनीं इंग्लंडमधील कौन्सिल-सभासदांना पत्रें पाठवून आठवण करून दिली होती कीं, कौन्सिलच्या ताब्यांतील मुलांचे पालक तुम्ही आहां, आणि आपल्या पोटच्या मुलासाठीं जें पुरेसें वाटणार नाहीं तें ह्यांच्यासाठींहि पुरेसें समजूं नका. पुढें २०१७ च्या कायद्यानें ह्या संस्थारूप पालकत्वाचीं तत्त्वें कायद्यांतच घातलीं. ३१ मार्च २०२४ रोजीं अशीं ८३ हजारांहून अधिक मुलें इंग्लंडमधील कौन्सिलांच्या सांभाळांत होतीं. अनेक ठिकाणीं ह्या मुलांचींच एक छोटी सभा असते, आणि तिचे प्रतिनिधि सभासदांसमोर येऊन बोलतात. रात्रीं घर बदलतांना आपलें सामान कचऱ्याच्या पिशवींत भरून दिलें गेलें, अशा तक्रारी ह्या देशांतील मुलांनीं वारंवार केल्या आहेत. एवढी साधी गोष्ट कोणत्याहि तक्त्यांत बसत नाहीं.

कुटुंबसाहाय्याची देखरेख त्याहून अवघड आहे. कारण तेथें यशाला चेहरा नसतो. जें मूल घरांतच सुखरूप वाढलें त्याची नोंद कोण करणार? १९९८ मध्यें सरकारनें 'शुअर स्टार्ट' ही योजना जाहीर केली: गरीब वस्तींत लहान मुलांच्या आईबापांसाठीं केंद्रें, तेथें आरोग्यसेविका, खेळ, सल्ला, मैत्री. २०१० च्या सुमारास अशीं साडेतीन हजारांच्या आसपास केंद्रें होतीं. नंतर काटकसरीच्या वर्षांत पैसा आटला आणि पुष्कळ केंद्रें बंद झालीं. मूल धोक्यांत आहे असें ठरल्यावर खर्च टाळतां येत नाहीं, कारण कायदा व न्यायालय पाठीशीं असतात. धोका टाळण्याचा खर्च मात्र टाळतां येतो. म्हणून कात्री आधीं तेथें चालते. पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला, तेव्हां त्या केंद्रांजवळ वाढलेल्या मुलांना मोठेपणीं रुग्णालयांत कमी वेळां दाखल व्हावें लागलें, व शालान्त परीक्षेंतहि तीं अधिक चांगलीं उतरलीं, असें आढळलें. पण ह्या निष्कर्षांना यावयास दहापंधरा वर्षें लागलीं, आणि सभासदांची निवडणूक चार वर्षांनीं होते.

शाळांच्या बाबतींत तर हातांतील दोरीच निसटत चालली आहे. २०१० च्या कायद्यानंतर हजारों शाळा 'अकॅडमी' बनल्या. त्यांना पैसा थेट मध्यवर्ती सरकारकडून मिळतो आणि कौन्सिलचा त्यांच्यावर ताबा नाहीं. माध्यमिक शाळांपैकीं शेंकडा ८० हून अधिक आज अशाच आहेत. तरीहि प्रत्येक मुलाला शाळेंत जागा मिळवून देणें, गैरहजर मुलांचा शोध घेणें, आणि विशेष गरज असलेल्या मुलांची योजना आंखणें हीं कर्तव्यें कौन्सिलवरच आहेत. काम आहे पण चाबी दुसऱ्याकडे, अशी ही स्थिति आहे.

शाळा मुलाला रोज पाहते, हें तिचें संरक्षणाच्या दृष्टीनें मोठें महत्त्व. सरे परगण्यांत सारा शरीफ ह्या दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावरील वळ मार्च २०२३ मध्यें तिच्या शाळेनेंच पाहिले व कळविले. ती चौकशी थोड्याच दिवसांत मिटविण्यांत आली. एप्रिलमध्यें, मुलीला घरींच शिकवूं असें सांगून, बापानें तिला शाळेंतून काढलें, आणि ऑगस्टमध्यें ती मारहाणीनें मेली. इंग्लंडच्या कायद्यांत मुलाला घरीं शिकविण्याचा आईबापांचा हक्क जुना आहे, आणि पुष्कळ कुटुंबें तो प्रामाणिकपणें बजावतात. पण त्या वेळीं अशा मुलांची नोंद कौन्सिलकडे करण्याचें बंधन आईबापांवर नव्हतें. डिसेंबर २०२४ मध्यें पार्लमेंटपुढें आलेल्या विधेयकांत, शाळेंत नसलेल्या मुलांची नोंदवही प्रत्येक कौन्सिलनें ठेवावी, आणि ज्या मुलाविषयीं संरक्षणाची चौकशी चालूं असेल त्याला कौन्सिलच्या संमतीशिवाय घरीं शिकविण्यासाठीं शाळेंतून काढतां येऊं नये, अशा तरतुदी घातल्या गेल्या. ही नोंदवही भरणारे कारकून कौन्सिलचेच असावयाचे, आणि तीं पानें तपासण्याचें काम पुन्हां त्याच समितीकडे येणार, जिच्यांत कोणी दुकानदार असतो, कोणी शिक्षक, कोणी निवृत्त नोकर.